पाच पायऱ्यांचा कोन

डोंबिवलीत आम्ही तळमजल्यावर घर घेतलं ते एकाच कारणासाठी : म्हातारपणी जिने चढायला नकोत. पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून बिल्डरने इमारत जमिनीपासून जरा वर उचललेली, त्यामुळे पुढच्या दाराला पाच पायऱ्या होत्या. त्या पाच पायऱ्यांना आम्ही कधी जिना म्हटलंच नाही.

मग मणक्याचं ऑपरेशन झालं आणि माझ्या पायांतली ताकद परत आली नाही. मला चाकांच्या खुर्चीत घरी आणलं, चौघांनी खुर्चीसकट उचलून आत ठेवलं आणि दार लागलं. त्यानंतरच्या आठ महिन्यांत मी तीनदा बाहेर पडले. तिन्ही वेळा डॉक्टरकडे. दर वेळी शेजारपाजारचे चौघे गोळा करायचे. माणसं चांगली होती, पण खुर्ची उतरवताना "इकडून धर, जरा तिरकी घे" असं बोलायची. कपाट हलवताना बोलतात ना, तसं. मी डोळे मिटून घ्यायची. नंतर नंतर तपासणीच्या तारखा मीच पुढे ढकलू लागले.

हॉल, स्वयंपाकघर, मागची बाल्कनी. बाल्कनीला खालपासून वरपर्यंत ग्रिल, आणि पलीकडे पाच-सहा फुटांवर कंपाउंडची भिंत नि सांडपाण्याचे पाइप. पुढच्या दाराबाहेर बायका बोलत थांबायच्या, मी आतून ऐकायची. दार उघडून उंबऱ्यापर्यंत जाता यायचं. तिथून पुढे पाच पायऱ्या.

एका रविवारी ह्यांनी कुठून तरी दोन मीटरची जाड, रुंद फळी आणली. पायऱ्यांवर टेकवली आणि म्हणाले, "चल, मी मागून धरतो. काय होतंय!"

मी कोपरच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. दहावीला त्रिकोणमिती घेताना फळ्यावर काटकोन त्रिकोण काढायचा, समोरची बाजू, लगतची बाजू, कर्ण, हे सगळं माझ्या हाताला इतकं सवयीचं की झोपेतही काढीन. तरीही त्या दिवशी मी काही मोजलं नाही. बाहेर पडायचा लोभ, दुसरं काय.

खुर्चीची चाकं फळीवर आली आणि वजन सुटलं. ह्यांनी ओढून धरायला पाहिलं, त्यांचं मनगट मुरगळलं, आणि मी खाली जाऊन उभ्या केलेल्या एका स्कूटरवर आदळले. लागलं फारसं नाही. पण परत आत नेण्यासाठी पुन्हा चौघांना हाका मारायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी वही घेतली. एक पायरी पंधरा सेंटिमीटर, पाच पायऱ्यांचे पंच्याहत्तर. फळी म्हणजे कर्ण, दोनशे. पंच्याहत्तर भागिले दोनशे, हा त्या कोनाचा साइन. कोन आला बावीस अंश. फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितलं होतं की मागून ढकलणारं माणूस असलं तरी पाच अंशांच्या वर जाऊ नका. बावीस अंशांवरून मी ह्यांच्या एका हाताच्या भरवशावर खाली गेले होते.

मग उलटा हिशोब केला. पाच अंशांचा टॅन ०.०८७५. उंची पंच्याहत्तर, तर जमिनीवर लांबी हवी साडेआठ मीटरहून थोडी जास्त. पायऱ्यांपासून स्कूटरच्या रांगेपर्यंत जागा होती चार मीटर. चार मीटरमध्ये कोन साडेदहाच्या वर जात होता. आकडे बरोबर आहेत ना, ते मी तीन-तीनदा तपासलं. विद्यार्थ्यांना मी सांगायची, उत्तर पटत नसेल तर पुन्हा मांडा. मी पुन्हा मांडलं. उत्तर तेच.

सोसायटीच्या सेक्रेटरींना घरी बोलावलं. वही दाखवली. स्कूटर हलवल्या आणि मधे एक वळण घेतलं तर उतार बसत होता.

"मॅडम, मला पटतंय हो," ते म्हणाले. "पण स्कूटर लावायच्या कुठे? एका घरासाठी सगळ्यांची एंट्री बदलायची म्हटलं तर मीटिंगमध्ये मला खातील."

"आज एक घर आहे," मी म्हटलं.

"तुम्ही अर्ज द्या. बघू."

अर्ज दिला. मीटिंग झाली, विषय पुढच्या मीटिंगवर गेला. तिथून आणखी पुढे. त्या महिन्यांत मी ह्यांच्यावर फार चिडायची. ते भाजी आणायला गेले की घड्याळ बघत बसायची, आणि आले की म्हणायची, "एवढा वेळ? कोण भेटलं?" त्यांनी कोणी भेटल्याचं सांगणंच बंद केलं. ते मला जास्त लागलं.

पुढे ग्रिलचे दोन गज गंजून सुटले म्हणून वेल्डिंगवाल्याला बोलावलं. जवळच्याच गावातला, साठीचा माणूस. काम करता करता म्हणाला, "बाय, तुम्ही सारा दिस हितंच बसता?"

मी सगळं सांगितलं. स्कूटर, मीटिंग, साडेआठ मीटर. त्याने ग्रिलमधून डोकं घालून भिंतीच्या कडेने दूरवर पाहिलं.

"मंग पुरच्या दारानं कशाला? मागनं काडू. ग्रिलला दार करतो, लोखंडाचा उतार टाकतो. फुटाला इंच धरला की खुर्चीची गारी मागं खेचत नाय."

मी किल्ल्यांचा जुडगा सुतळीला बांधून बाल्कनीतून खाली सोडला. उंची ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे साधारण बत्तीस इंच. त्याच्या हिशोबाने बत्तीस फूट. माझ्या वहीत एक भागिले बारा, कोन पावणेपाच अंश. भिंतीची कडा त्याने कोपऱ्यापर्यंत मोजली, चौतीस फूट भरली. मी वही मिटली. आठ महिने ज्या ग्रिलला तोंड करून बसले होते, तिथून बाहेर पडता येईल हे मला सुचलं नव्हतं. मला राग आला, त्याचा नाही, स्वतःचा.

सेक्रेटरींनी या वेळी लगेच सही केली. मागे कोणाच्या स्कूटर नव्हत्या. फक्त अट घातली : उतार काढता येण्यासारखा हवा, आणि परवानगी वर्षाची.

तीन दिवसांत काम झालं. ह्यांनी खुर्ची उतारावर घेतली तेव्हा मी दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला होता. "सोड, चालली बघ," ते म्हणाले. खरंच, खुर्ची आपल्या चालीने उतरत होती. डावीकडे लोकांच्या बाथरूमच्या खिडक्या, उजवीकडे शेवाळलेली भिंत, खाली गटाराचा वास. कोपऱ्यावरून वळून आम्ही गेटाशी आलो.

भाजीवाली होती. मी भेंडीची टोकं मोडून बघितली, तीन निबर निघाली ती बाजूला टाकली. ती म्हणाली, "आजी, सगळी मोडणार का?" ह्यांना हसू आलं. मी पाव किलो घेतली आणि मग अर्धा किलो टोमॅटो, गरज नसताना.

गेटाच्या पुढे रस्ता खोदलेला आहे, त्यामुळे मी तिथवरच जाते. पावसाळ्यात मागची गल्ली पाण्याने भरते, तेव्हा चार महिने घरातच. पुढच्या पायऱ्या आहेत तशाच आहेत. परवानगीचं वर्ष गेल्या महिन्यात संपलं. मी नवा अर्ज दिला आहे, सोबत आकृतीही जोडली. उत्तर यायचं आहे. तोवर उतार काढायला कोणी आलेलं नाही, आणि रोज साडेपाचला मी गेटावर असते.