आत्याबाईंचा पंखा

बादलीमामांना हे नाव लोकांनी उगाच दिलं नव्हतं. घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका तबेल्यात ते बावीस वर्षं मोतद्दार होते. नऊ घोड्यांचा खरारा, खाणंपिणं, शेण, रुसवेफुगवे, सगळं त्यांच्याकडे. उन्हाळा लागला की ते दर तासाला बादली घेऊन निघत आणि एकेका घोड्याच्या मानेवर, पायांवर पाणी ओतत. घोड्याला उकडतंय हे आपल्याला घोड्याच्या आधी कळतं, असं ते स्वतःच सांगत.

त्या वर्षी मात्र उन्हानं कहर केला. पत्र्याखाली दुपारी उभं राहवेना. सगळ्यात म्हातारी घोडी, जिला तिच्या मानपानामुळे सगळे आत्याबाई म्हणत, ती नाकपुड्या फुगवून धापा टाकायला लागली. मग मालकीणबाईंनी फवाऱ्याचे पंखे मागवले. वाऱ्याबरोबर धुक्यासारखं बारीक पाणी सोडणारे, चांगले चार.

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाई, घोडे म्हणजे काय भाजी आहे, पाणी शिंपडून ताजी ठेवायला?"

"मामा, तुम्हीही पाणीच ओतता की."

"मी ओततो. शिंपडत नाही," मामा म्हणाले. यात फरक काय ते त्यांनाही नीट सांगता येईना, म्हणून ते शेण काढायला निघून गेले.

पंखेवाल्यानं पंखे उंचावर बसवले, नळ्या जोडल्या आणि जाताना बजावलं, "दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा." मामांनी मान डोलावली आणि तो फाटकाबाहेर पडताच सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. गार हवा बाहेर कशाला घालवायची?

तासाभरात तबेल्याची न्हाणी झाली. भिंती घामेजल्या, गवत दमट झालं, घोड्यांचा घाम वाळेना. मामांचा चष्मा तर असा धुरकटला, की त्यांनी पाच मिनिटं मन लावून खरारा केला तो दांडीवर वाळत घातलेल्या घोंगडीला. "आज अगदी शहाण्यासारखी उभी आहे," असं म्हणून तिला थोपटलंही.

"बघा, म्हणत नव्हतो मी?" त्यांनी मालकीणबाईंना ऐकवलं. पंखेवाल्याला परत बोलावलं गेलं. त्यानं समोरासमोरची दारं उघडली, खिडक्या उघडल्या, गवताचे भारे लांब सरकवले. थोड्या वेळात वारा आरपार वाहायला लागला, अंगावरचं पाणी वाळता वाळता घोडे निवले आणि एकेकानं मान खाली टाकून डुलक्या घ्यायला सुरुवात केली.

"वारा सुटला म्हणून," मामा म्हणाले.

आत्याबाई मात्र दुसऱ्या दिवसापासून पंख्याखालून हलायचं नाव घेईनात. सकाळी दहाच्या शिकवणीला लगाम लावून बाहेर काढलं, तर चार पावलांत लंगडायला लागल्या. मालकीणबाई घाबरल्या. घोड्यांच्या डॉक्टर आल्या, खूर तपासला, गुडघा चाचपला. काही सापडेना. "विश्रांती द्या," त्या म्हणाल्या. विश्रांती म्हणताच आत्याबाई तुरुतुरु चालत पंख्याखाली जाऊन उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा आल्या तेव्हा मामा हळूच म्हणाले, "डॉक्टर, परवा उजवा पाय होता. आज डावा आहे."

डॉक्टरांनी घोडीकडे पाहिलं. घोडीनं भिंतीकडे पाहिलं.

खरं तर मामांना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण घोडी आत राहिली की तिची देखभाल करायला मामांनाही आत राहावं लागे, आणि आत्याबाईंचं ठाण दिवसातून सहा वेळा झाडावं असं त्यांना अलीकडे फार वाटायचं. डबा घेऊन आलेल्या मामींनी त्यांना तिथंच पकडलं. मामा शर्टाची बटणं उघडून, डोळे मिटून घोडीच्या शेजारी उभे, आणि हातातला झाडू उलटा.

"अहो, हे काय चाललंय?"

"झाडतोय."

मामींनी डबा खाली ठेवला, बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि चेहऱ्यावर फवारा आला तसे त्यांनीही डोळे मिटले. डबा पोचवायला त्यांना पूर्वी दहा मिनिटं लागत. त्या दिवशी चार वाजले. दुसऱ्या दिवशी त्या धाकट्या जावेलाही घेऊन आल्या.

आता मात्र मामांना बोलावं लागलं. ते मालकीणबाईंकडे गेले, टोपी हातात घेऊन.

"बाई, म्हातारी ढोंग करते, पण तिचं म्हणणं चूक नाही. दहाच्या उन्हात आपण दोघं तरी फेऱ्या मारू का? शिकवणी सकाळी सहाला घ्या. नाही चारही पायांवर चालली तर माझं नाव बदला."

"आणि पंख्यांचं काय म्हणणं आहे तुमचं?"

मामांनी टोपी दोनदा फिरवली. "चांगले आहेत," ते इतक्या हळू म्हणाले, की बाईंनी मुद्दाम पुन्हा विचारलं.

शिकवणी सहाला सुरू झाली. शिकणारे जांभया देत, कुरकुरत आले. आत्याबाई चारही पायांवर चालल्या, एकदा तर चक्क धावल्या, आणि आठ वाजता कुणी न सांगता घराकडे वळल्या. पाठीवरचे वकीलसाहेब दुसरीकडे लगाम ओढत राहिले, त्याला आत्याबाईंनी जुमानलं नाही.

पंख्यांची तोंडं पाण्याच्या क्षारानं बुजतात, ती दर आठवड्याला मामाच व्हिनेगरमध्ये बुडवून घासतात. पुढच्या खेपेला पंखेवाला शिडी घेऊन आला, तर मामांनी त्याला दारातच अडवलं.

"काय बघायचंय ते खालूनच बघा. वर हात लावायचा नाही," मामा म्हणाले. "तुम्हाला त्यातलं काही कळत नाही."