नवरीच्या आंघोळीचं पाणी

हळदीच्या आंघोळीत नदीचं पाणी मिसळल्याशिवाय आमची आत्या कुठल्याच नवरीला बोहल्यावर चढू देत नाही. भिवंडीत मात्र नदी वाहते ती त्या दिवशी कापड कारखान्यांच्या रंगखात्यात जो रंग लागला असेल त्या रंगाची. माझ्या पुतणीच्या, प्रणालीच्या हळदीला आत्याने मला फर्मान सोडलं, "नदीनं वर जा. चांगलं मिलंल तिथून आन."

शेजारचा इक्बालभाई लूमवाला. त्याच्या टेम्पोतून पहाटेच निघालो. पडघ्याला वडापाव खाल्ला. पुढे नवी गोदामं संपली, मग मोबाइलची रेंज, मग रस्ताही. टेम्पो लावून काठाकाठाने चढू लागलो. दर वळणाला पाणी थोडं उजळत होतं.

वर कातळात झिरा (खडकातून झिरपणारं पाणी) होता. खाली कमरेइतका डोह, आणि तळाचा खडा न् खडा दिसत होता. पाणी आहे हे कळायला मला हात बुडवावा लागला. चाळिशी उलटली माझी. आपल्या नदीला रंगच नाही, हे तिथे पाहिलं.

"भाऊ, ये अपनीच नदी है ना?" इक्बालभाईने हळूच विचारलं.

त्याने कॅन बुडवला. कॅन कारखान्यातलाच, रंगाचा. घरी घासघासून धुतलेला. तरी आत पाणी गुलाबी झालं. आमच्याकडच्या सवयीने तो ते प्रवाहातच ओतणार, तेवढ्यात हंडा भरायला आलेल्या एका बाईने त्याचं मनगट धरलं.

"आरं, खाली मानसं पितात."

"खाली कोन पीत न्हाय, ताई. खाली आम्हीच राहतो," इक्बालभाई म्हणाला.

ती आमच्याकडे बघतच राहिली. कॅनला झाकण लावताना इक्बालभाईची मान वर होईना. लग्नाचं कळल्यावर तिने स्वतःचा भरलेला हंडा पुढे केला. "नवरीला न्या. हंडा मागनं आना."

हंडा आळीपाळीने खांद्यावर घेत उतरलो, टेम्पोत मांडीवर धरून बसलो. संध्याकाळी मांडवात पोचलो तेव्हा आत्या वाटच बघत होती.

ती पाणी ओतणार, तोच हळदीने माखलेल्या प्रणालीने हात पुसून ओंजळ पुढे केली आणि ओंजळभर पाणी प्यायली. लहानपणी या नदीत पाय घातला म्हणून तिने आईचा मार खाल्लेला. मला लाज वाटली. आत्याने पुन्हा ओंजळ भरली. मग एकेक बाई पुढे येत गेली. आत्याने इक्बालभाईलाही बोलावलं.

आंघोळीला तांब्याभर उरलं. आत्या म्हणाली, पुरे.