होडी दिसेनाशी होईपर्यंत

चंद्रहास रांगणेकरांचा आवाज म्हणजे रिकाम्या हौदात बादली पडावी तसा. गिरगावात आरतीला उभे राहिले, की कोणीतरी प्रेमाने त्यांच्या हाती झांजा द्यायचं. "तू वाजव रे, गाऊ नकोस."

ब्याण्णव साली बँकेने त्यांना टोकियोला पाठवलं. जवळच इचिकावात घर मिळालं. पुढे ऑफिसच्या काराओकेत त्यांनी तोंड उघडलं, तसा शेजारच्या जपानी साहेबांनी ग्लासच खाली ठेवला. "रांगणेकर-सान, हा तर बॅरिटोन! गाण्यासाठीच घडलेला भारदस्त आवाज!" जन्मभराच्या दुखण्याला डॉक्टरने नाव दिलं की रोग्याला कसं बरं वाटतं, तसं झालं त्यांना.

साहेबांनीच गाणं शिकवणाऱ्या मोरिता सेन्सेई, म्हणजे मोरिताबाई, गाठून दिल्या. चणीने एवढ्याशा, पियानोमागे नुसता अंबाडा दिसायचा. शिकवायच्या मात्र जर्मन गाणी.

"अहो, मराठी माणूस, जपानी बाई, जर्मन गाणं," त्यांच्या पत्नी मेधावहिनी म्हणायच्या. "यात मी कुठे दाद द्यायची तेवढं सांगा!"

दाद राहू द्या, पहिल्या वार्षिक कार्यक्रमात घोळ घातला तो चंद्रहासरावांनीच. होडीतून गाव सोडून जाणाऱ्या माणसाचं गाणं. शेवटचा शब्द गाऊन झाला, तशी त्यांनी सभेला नमस्कार ठोकला आणि विंगेत गेले. आपल्याकडे गवई थांबला की पेटी थांबते. इथे पियानो चालूच! सेन्सेईंनी उरलेला सगळा भाग रिकाम्या स्टेजला ऐकवला.

"माणूस गेला, तरी पाणी हलत असतं ना?" सेन्सेई नंतर एवढंच म्हणाल्या. "ते थांबेपर्यंत तुम्ही गातच असता, रांगणेकर-सान. तोंड बंद ठेवून."

पुढच्या वर्षी तेच गाणं मागून घेतलं त्यांनी. तोवर बदलीचा हुकूम आला होता. मुंबईत कोण पियानो वाजवणार, आणि कोण गाऊ देणार? हे एकदा नीट व्हायलाच हवं होतं.

शब्द संपले. हात सवयीने जुळायला निघाले. त्यांनी ते पँटच्या शिवणीला घट्ट धरले. पियानोचं पाणी हलत राहिलं. त्यात इचिकावाचं स्टेशन दिसलं, ऑफिसातली मंडळी दिसली, अंबाडा दिसला. तिसऱ्या रांगेत मेधावहिनी तोंडावर रुमाल दाबून 'वा' अडवून बसल्या होत्या.

पाणी थांबलं. सेन्सेईंनी हात मांडीवर घेतले. राव हलेनात.

"रांगणेकर-सान," अंबाड्याखालून हळूच आवाज आला, "संपलं."

"हो," ते मराठीतच पुटपुटले, "जरा थांबा."

आणि सेन्सेई थांबल्या.