विंगेतलं मंगळसूत्र

त्या नाटकात मी विधवा व्हायचे आणि माझ्या सासूबाई विंगेत माझं मंगळसूत्र गळ्यात घालून उभ्या राहायच्या. नागपूरचे सगळे प्रयोग असेच झाले. सासूबाई काटोलच्या, संत्र्याच्या बागेत वाढलेल्या. सुनेनं नाटकात काम करायला त्यांची हरकत नव्हती, अट तेवढी एकच होती. "इधवा व्हायचं असन तं हो, पण नाटकातच. अन् हे खाली ठेवाचं नाही वं. पेटीत नाही, पर्समधी नाही. सवाष्णीच्या गळ्यातच पायजे." पडदा पडला की त्या तिथंच ते माझ्या गळ्यात घालायच्या, कुंकू लावायच्या, आणि मगच मी प्रेक्षकांना नमस्कार करायला जायचे. मंडळी हसायची. मीही हसायचे, कारण असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

मग आमच्या नाटकाला विलायतेचं बोलावणं आलं. निघण्याआधी सासूबाईंनी इतवारीच्या बाजारात जाऊन काळे मणी नव्यानं ओवून आणले आणि मला पुन्हा बजावलं. तिकडे आमचा संसार एका बसमध्ये. मागे सेट आणि पत्र्याच्या पेट्या, पुढे आम्ही, प्रत्येकाच्या मांडीवर कुणीतरी बांधून दिलेल्या पुऱ्या. दर गावात तिथल्या मराठी घरांतून मुक्काम, गोडाचं जेवण, आणि पहाटे पुन्हा बस. श्रीखंडाला आम्ही इतके कंटाळलो की हिरव्या मिरचीचा ठेचा कुणी वाढला तर त्याच्या पाया पडलो असतो. ज्या घरी मी उतरायचे त्या घरची बाई विंगेत सासूबाईंची जागा घ्यायची. गावोगाव हिची सासू बदलते, असं आमचे दिग्दर्शक म्हणायचे.

लेस्टरला पोचलो त्या दिवशी नागपूरहून फोन आला. माझ्या नवऱ्याला मुतखड्याचा त्रास एकाएकी वाढला होता आणि शनिवारी ऑपरेशन ठरलं होतं. मी परत येते म्हणाले, तर सासूबाई तिकडून ओरडल्या, "तू येऊन काय करशीन? चाकू धरता येते का तुले? गुमान नाटक कर. झालं की फोन करतो आम्ही." आणि लाइन तुटली.

शनिवारी दुपारीच आमचा प्रयोग होता. फोन येणार तो मी उतरले होते त्या घरी. त्या घरची बाई सोलापूरकडची, थोराड, मोकळी. मंगळसूत्र तिनं गळ्यात घातलं आणि विंगेत खुर्ची टाकून बसली. मध्यंतरात मी तिला पाहिलं, तिनं मला मान हलवून धीर दिला. शेवटच्या अंकात मी नवऱ्यासाठी रडते. त्या दिवशी ते रडणं कुणी शिकवलेलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले, पडदा पडला, मी विंगेत धावले, आणि खुर्ची रिकामी.

मी दिसेल त्याला विचारलं. बाई कुठं गेली कुणालाच ठाऊक नव्हतं. पडदा पुन्हा वर गेला, सगळे हात धरून रांगेत उभे राहिले, दिग्दर्शक मला खुणा करून राहिले होते, आणि मी जागची हलेना. "अहो, चला ना, लोक खोळंबलेत," असं ते दातओठ खात म्हणाले. मी म्हटलं, "मी अशी येणार नाही." मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते खोटं नाही. त्या टाळ्यांच्या गजरात मी काय काय पाहिलं ते लिहवत नाही. काडीचा विश्वास नसलेली मी विंगेचा पडदा मुठीत धरून देवाला हाका मारत होते.

सभागृह रिकामं झालं. सेट उतरवायला सुरुवात झाली. तेवढ्यात मागच्या दारानं ती बाई धापा टाकत आत आली. "अगं, झालं ऑपरेशन! छान झालं! शुद्धीवर आलेत, पाणी मागताहेत आणि देत नाहीत म्हणून चिडलेत." मी मटकन खाली बसले आणि हसू की रडू कळेना. चिडलेत म्हणजे माझाच नवरा, यात शंका नव्हती. जीव भांड्यात पडला.

घरी कुणी नाही, फोन वाजून वाजून बंद होईल, हे तिला शेवटच्या अंकात आठवलं होतं. मी रंगमंचावर, सांगणार कुणाला? पडदा पडायच्या आत परत येऊ म्हणून ती गाडी घेऊन तशीच निघाली आणि नागपूरचा फोनच उशिरा आला.

"पण तुझ्या सासूबाई विलक्षण आहेत हं," माझ्या गळ्यात मंगळसूत्र घालताना ती म्हणाली. "मुलाचं सांगून झाल्याबरोबर विचारलं, माह्या सुनेचं मंगळसूत्र कोणापाशी आहे? मी म्हटलं, माझ्या गळ्यात. तर माझ्यावरच खेकसल्या. म्हणाल्या, मंग घरी काय करून राहिली वं तू? पळ लवकर. ते पोरगी तिथं भुंड्या गळ्यानं उभी असन, नाटक संपलं तरी."

मी कुंकू लावलं, उठले, आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर जाऊन माझा राहिलेला नमस्कार करून आले.