अळवाखालची माती

मातीतल्या शिशाचा माणसांना किती धोका आहे हे काढताना आम्ही कागदावर एक मूल धरतो. त्याचं वजन ठरवतो, ते मातीत किती वेळ खेळतं, दिवसाला किती माती त्याच्या पोटात जात असेल, याचा अंदाज मांडतो. कारखान्यांच्या आसपासच्या वस्त्यांत हे काम मी बरीच वर्षं करते आहे. त्या मुलाला चेहरा कधी नव्हता.

साकीनाक्याच्या एका बैठ्या चाळीचं काम आलं, तेव्हा तिथे माझी मावशी राहते हे मी ऑफिसात सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "बरंय ना, लोक दारं तरी उघडतील."

चाळीच्या मागे पूर्वी एक गाळा होता. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. गाळा बंद पडला, पत्रे गेले, मोकळी जागा उरली. मावशीने मोरीच्या पाण्यावर तिथे अळू लावलं. सगळी चाळ तिच्या हातचं फदफदं खायची.

मी गेले तेव्हा तिची नात अळवाच्या पानांखाली बसून वाटीने माती उकरत होती. नुकती बोलायला लागलेली. मी वरवरची माती खरवडून पिशव्यांत भरली आणि ठरलेले प्रश्न विचारायला घेतले.

"बोटं तोंडात घालते का गं ही?"

"घालते की. कुठलं पोर नाही घालत?" मावशी हसली. मी "हो"वर खूण केली.

माती तपासून आली. सगळ्यात जास्त शिसं अळवाखालीच होतं. पानांत त्या मानाने कमी निघालं. मी मावशीला समजावायला बसले: पानं, धूळ, शक्यता, लहान मुलांचं शरीर शिसं जास्त शोषून घेतं, ते मेंदूवर परिणाम करतं, वगैरे. तिने मला मधेच थांबवलं.

"तुझां तां सगळां ऱ्हवांदे. माका सांग, ह्यां अळू खावचां की नाय?"

"नको. आणि पोरीला चाळीमागे खेळायला सोडू नकोस. आधी तिचं रक्त तपासून घे."

रक्तात शिसं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, औषधाची वेळ आलेली नाही; पण मातीपासून लांब ठेवा, लोह आणि कॅल्शियम पोटात जाऊ दे, काही महिन्यांनी परत तपासा. घरी येऊन मावशी पलंगावर बसली.

"मीच भरवलं ना तिला, माझ्या हाताने."

"पानांपेक्षा मातीतूनच जास्त गेलं असेल," मी म्हटलं. ते खरं होतं. तिला त्याने काही बरं वाटलं नाही.

त्या रविवारी चाळीची मीटिंग भरली. पुनर्विकासाची बोलणी चालली होती. एक गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, हे बाहेर गेलं तर बिल्डर पळेल. आमची वाट लागेल. इथे आम्ही एवढी वर्षं राहिलो, काय झालं आम्हाला?" बऱ्याच माना डोलल्या. मी अहवालाच्या भाषेत उत्तर देऊ लागले, कोणी ऐकत नव्हतं.

मावशी उठली. ती मीटिंगमध्ये कधी बोलत नसे. "माझ्या नातीच्या रक्तात शिसं आहे. माझ्या अळवातलं तुम्हीही खाल्लंय, तुमची पोरं तिथेच खेळतात. आधी त्यांचं रक्त बघा." मग आवाज चढला आणि ती सरळ मालवणीत गेली. "पोरांचां काय झालां तर त्या बिल्डराक घेवन काय करतलास?"

त्या आठवड्यात बहुतेक घरांनी मुलांना तपासायला नेलं. काहींनी नेलं नाही, आणि त्यांतले दोघेतिघे मावशीशी बोलेनासे झाले. आणखी काही मुलांत शिसं निघालं, तेव्हा कुठे ती जागा बंद करायचं ठरलं. अळू आणि वरची माती काढून नेली, बाकीवर काँक्रीट घातलं. खोलवरचं शिसं तिथेच आहे. पुढे कोणी पाया खणायला आलं तर ते पुन्हा वर येईल, असं मी अहवालात लिहिलं. बिल्डरची बोलणी लांबली, पण मोडली नाहीत.

नातीचं शिसं पुढच्या तपासणीत उतरलं. ती आता बालवाडीत जाते, बडबड करते. परवा मावशीने विचारलं, "हिच्या डोक्यावर काही परिणाम झाला असेल का गं?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि पोरीचे हात धुवायला तिला मोरीत घेऊन गेली.