चौतीस नंबरची पट्टी

हरेश्वर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ग्लिसरीन मोजत होतो. चारकोपच्या आमच्या गाळ्यातला फोन शेठनी उचलला, "अरेरे" म्हणाले आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडे त्याचा मेहुणा होता. त्या निरोपाला आता तीन आठवडे होत आले. सुतक फिटलं, लोक आपापल्या कामाला लागले, मी मात्र अजून कुणाशी धड बोललेलो नाही. बोलायला गेलो की एकच गोष्ट ओठांवर येते, आणि तिची मला लाज वाटते.

आमचा गाळा प्लास्टिकच्या पिशव्यांचा. हरेश्वर वेसाव्याचा कोळी, रसायनशास्त्र शिकलेला. मी त्याचा मदतनीस आणि दोस्त. त्याची आई सुकट-बोंबील विकायची, भाऊ होडीवर. भावाच्या जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या यायला लागल्या तसा हा बिथरला. "मी बनवायच्या आणि माझ्याच भावानं उपसायच्या, ही काय जिंदगी आहे रे दत्ता?" म्हणायचा. शेठच्या मागे लागून त्यानं गाळ्यातला एक कोपरा मिळवला आणि मक्याच्या स्टार्चची फिल्म करायला घेतली. स्टार्च पाण्यात शिजवायचा, काचेवर पातळ पसरायचा, वाळला की सोलून काढायचा. सुकट भरता येईल आणि फेकली तर मातीत कुजून जाईल, अशी पिशवी त्याला हवी होती. पण नुसत्या स्टार्चची फिल्म पापडासारखी मोडते, म्हणून ती मऊ राहायला ग्लिसरीन घालावं लागतं. कमी पडलं तर तडकते, जास्त झालं तर तिला घाम सुटतो, हाताला चिकटते. आणि एवढं करून जमलीच, तर दोन-तीन आठवड्यांत आपली आपणच कडक होत जाते... "नव्या फिल्मवर भुलू नकोस. तिला म्हातारी होऊ दे, मग बोल," हे तो मला दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा.

प्रत्येक घाण्याला नंबर असे. त्याच्या पट्ट्या कापून, तारीख घालून तो दोरीवर चिमट्यांनी लटकवायचा आणि दर रविवारी एक पट्टी काढून पूर्ण दुमडायचा. तेहेतीस घाणे असेच मोडले. दुकानात सुकटीचं पाकीट दीड महिना तरी पडून राहतं, तेवढं टिकवून दाखव, नाहीतर कोपरा रिकामा कर, असं शेठनी शेवटी बजावलं. चौतिसाव्या घाण्यात त्यानं थोडं ग्लिसरीन काढून त्याजागी सॉर्बिटॉल घातलं, तेही फिल्म मऊ ठेवतं. दोन रविवार छान गेले आणि हाच आजारी पडला. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. पार्ल्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यकृत संपलंय.

तिसऱ्या रविवारची पट्टी मी त्याच्या खाटेवर नेली. टिकली. तो हसून म्हणाला, "पुढची तुटली तरी घाबरू नको. अजून एक युक्ती आहे डोक्यात. पण आत्ता नाय सांगणार, नायतर तू हिला सोडून तिच्याच मागे लागशील."

चौथ्या रविवारी निघण्यापूर्वी मी गाळ्यातच एक पट्टी दुमडून पाहिली. कट्‌कन मोडली. दुसरीही मोडली. मी तिथेच डोकं धरून बसलो. त्याला ऐकवायचं कसं? शेवटी आदल्या दिवशी काढलेल्या ताज्या फिल्मच्या त्याच मापाच्या सात-आठ पट्ट्या कापल्या, त्यांच्यावर जुनी तारीख घातली आणि घेऊन गेलो. रविवारच्या मालिकेसाठी माणसं टीव्हीपुढे बसलेली, वॉर्डात शुकशुकाट. हरेश्वरनं त्यातली एक पट्टी दुमडली, उलटी दुमडली. "ताजी वाटते रे..." म्हणाला. "इथली हवा दमट आहे," मी म्हटलं. अंगात ताकद असती तर त्याच्या बोटांनी माझी चोरी तेव्हाच पकडली असती. पण तो रडायला लागला. "टिकली रे, दत्ता! आपली फिल्म टिकली! चौथा रविवार ओलांडला, आता दीड महिनाही काढील!" मग मी हळूच त्या युक्तीचं विचारलं. "आता ती कशाला?" म्हणाला, आणि डोळे मिटून पडून राहिला.

नऊ दिवसांनी तो गेला. ते नऊ दिवस मी गाळ्यात वेड्यासारखा घाण्यावर घाणे काढत होतो, की काहीतरी जमून माझं खोटं खरं व्हावं. काहीही जमलं नाही. त्याच्या वह्या मी पानन्‌पान चाळल्या, त्या युक्तीचा एक शब्द नाही. कोपरा रिकामा झाला. त्याला सुखानं मरू दिलं, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालत नाही. त्याच्याकडे जे शेवटचं शिल्लक होतं, ते मी त्याच्या तोंडून निघू दिलं नाही.

परवा रविवारी वेसाव्याला गेलो. त्याची बायको, पार्वतीवहिनी, खिडकीपाशी बसल्या होत्या. मी नेलेल्या उरलेल्या पट्ट्या त्यानं इस्पितळातूनच त्यांच्याकडे दिल्या होत्या, आपण घरी येईपर्यंत दर रविवारी एक दुमड आणि लिहून ठेव, असं सांगून. तो आता येणार नाही, तरी त्या दुमडतात. त्या दिवशीची पट्टी दोन तुकडे होऊन त्यांच्या मांडीवर पडली होती. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, माज्या हातानं मोडली हो. मीच जोरात दाबली. त्यांनी येवढी टिकवली आणि मी..." मी चहा न घेता उठून आलो.

वहिनी, तुमच्या हाताचा काही दोष नाही. ती पट्टी मोडणारच होती. मला ते ठाऊक होतं, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला मी सांगितलं नाही.