ओव्याची धुरी

त्या उन्हाळ्यात आमच्या गावाबाहेर टायर जळत होते. गाव म्हणजे आखातात, उत्तरेकडच्या एका छोट्याशा एमिरेटमधलं, स्वस्त भाड्यासाठी आमच्यासारख्यांनी भरलेलं. नव्वदीची मधली वर्षं. कचऱ्याच्या डेपोत जुन्या टायरांचा डोंगर होता, तो मे महिन्यात पेटला आणि विझता विझेना. पाणी मारलं की दोन दिवस धूर कमी व्हायचा, मग आतून पुन्हा धुमसायला लागायचा. बिल्डिंगचा पठाण वॉचमन रोज सांगायचा, "भाभी, इन्शाल्ला कल खलास." मी एकदा वैतागून म्हटलंच, "भैया, आपका कल कौनसे महिने में आता है?" तो हसला. मला कसलं हसू येतंय! माझी लेक सहा वर्षांची होती आणि तिला बाळदमा होता.

एसी लावावा तर त्याच्या फटीतून धूर आत, बंद करावा तर घराची भट्टी. नवऱ्यानं गोदामातून खोके बंद करायची चिकटपट्टी आणली आणि आम्ही खिडक्यांच्या सगळ्या फटी बुजवल्या. दाराखाली ओला टॉवेल. तरीही पांढऱ्या फ्रॉकवर तेलकट काजळी बसायचीच. लेक शाळेतून आली की सोफ्यावर बसून राहायची. "मम्मा, माय चेस्ट इज व्हिसलिंग," म्हणायची, अगदी सहज, शाळेतली गंमत सांगावी तशी.

नवरा म्हणाला, "तिला साताऱ्याला तुझ्या आईंकडे ठेवू या. हे थांबेपर्यंत."

मी उसळलेच. "अहो, पोटची पोर आहे ती, कुरिअरनं पाठवायचं पार्सल नाही! एकदा गेली की तिकडचीच होईल. मी इथेच बरी करते तिला."

त्यानं चिकटपट्टी उचलली आणि खिडकीच्या फटीवर आणखी एक थर चढवायला घेतला.

बरी करते म्हणजे काय करणार होते, कपाळ माझं? डॉक्टरचं औषध चालू होतं, वाफ चालू होती, रात्रभर उशांवर टेकवून बसवणं चालू होतं. शेवटी साताऱ्याला आईला फोन लावला. आईला तिथून काय दिसणार? ती म्हणाली, "अगं, छातीत कफ साठलाय. ओव्याची धुरी दे. तुम्हा भावंडांना मी धुरीवरच वाढवलंय." आणि मला, चांगल्या बीएस्सी झालेल्या बाईला, ते पटलं. धूर बाहेरचा, धुरी आपली. दोन्ही एकच, हे डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे धूर म्हणजे त्रास आणि धुरी म्हणजे माया.

आता फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणायचे? खालच्या दुकानात अरबांच्या घरात बखूर, म्हणजे त्यांचा धूप, जाळायला लागणाऱ्या कोळशाच्या गोल चकत्या मिळायच्या. त्या आणल्या. दुपारी लेकीला मांडीवर घेतलं, चकती पेटवली, वर मूठभर ओवा टाकला. चकती तडतडली, उग्र धूर निघाला. लेक तोंड फिरवत होती. मी म्हणाले, "थांब गं सोन्या, दोनच मिनिटं." आणि तिचं डोकं धरून ठेवलं.

मी धरून ठेवलं. हे मी कुणाला सांगत नाही.

तिचा श्वासच अडकला. ओठ निळसर झाले. निखारा सिंकमध्ये टाकला, खिडकीकडे धावले, तर ती चिकटपट्टी निघेना. नखं तुटली, पट्टी जागची हलली नाही. नवरा लांब हमरियाला, गोदामावर, गाडी त्याच्याकडे. मी तिला उचलून जिना उतरले. वॉचमननं तिला माझ्या हातातून घेतलं आणि रस्त्यावर पळत जाऊन एक पिकअप थांबवली.

क्लिनिकमध्ये हैदराबादचे डॉक्टर होते. तिला मशीनची वाफ लावली, इंजेक्शन दिलं. श्वास जरा सुटल्यावर त्यांनी तिच्या केसांचा वास घेतला. "ये काहे का धुआँ है, अम्मा?"

मी खरं ते सांगितलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "बाहर का कम पड़ गया था?" मग नवऱ्याला फोन करून म्हणाले, बच्ची को यहाँ से हटाओ. या खेपेला तिची बॅग मीच भरली.

आठवड्याभरात तिला साताऱ्याला सोडून आले. आईला धुरीचं कळू दिलं नाही. म्हातारीनं जिवाला लावून घेतलं असतं. टायर ऑगस्टमध्ये विझले, पण डॉक्टर म्हणाले, एक वर्ष तरी तिथेच राहू दे. तोवर तिचं तिथल्या शाळेत नावही घातलं होतं. फोनवर ती मैत्रिणींबद्दल भरभरून बोलायची. छाती एकदाही वाजली नव्हती. आनंद व्हायला हवा होता, आणि व्हायचाही, पण फोन ठेवल्यावर मी मोरीत जाऊन रडायचे.

दिवाळीच्या सुट्टीत नवरा तिला घेऊन आला. मी चार दिवस आधीपासून घर घासून ठेवलं होतं, तिची खोली होती तशीच ठेवली होती. तिनं चपला काढून भिंतीशी नीट लावल्या. मग पॅसेजमध्येच उभी राहिली, बॅग दोन्ही हातांत धरून, आणि विचारलं, "मम्मा, ही कुठे ठेवू?"